बंगलोरहून पुण्याला: सेकंडहँड हिमालयन बघायची, घ्यायची आणि चालवत आणायची कशी

पुण्या-कोल्हापुरात सेकंडहँड रॉयल एनफिल्ड हिमालयन बाईक शोधणाऱ्या बऱ्याच जणांची शोधाशोध शेवटी बंगलोरवर येऊन थांबते. तिथे सेकंडहँड बाईकचा बाजार मोठा आहे, नोकरी करणारी पोरं हौसेने गाडी घेतात आणि बदली झाली किंवा लग्न झालं की विकतात, आणि रस्ता म्हणाल तर एनएच ४८ तुम्हाला सरळ पुण्यात आणून सोडतो. अंतर साधारण ८४० किमी, दोन दिवसांत आरामात होतं. पहिल्यांदाच करत असाल तर हे सगळं नीट वाचा, कारण यात पैसे बुडण्यापेक्षाही कागद अडकण्याचं प्रमाण जास्त असतं आणि कागद अडकले की गाडी दारात उभी असून आपली होत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, की गाडी पटली नाही तर तुम्ही बसने परत येणार आहात. जाताना परतीचं तिकीट पण काढून ठेवा, कॅन्सल करता येणारं. लोकं काय करतात, सुट्टी टाकलेली असते, मित्रांना सांगितलेलं असतं, रात्रभर स्लीपरने प्रवास करून पोचलेले असतात, आणि मग समोर गाडीत दोष दिसला तरी "आता आलोच आहोत तर" म्हणून घेऊन टाकतात. विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. परतीचं तिकीट खिशात असलं की बोलण्यात फरक पडतो, अगदी खरंच पडतो.

घरी बसून करायची कामं

४११ सीसी हिमालयन २०१६ ला आली ती कार्ब्युरेटरवाली, २०१७ पासून बीएस४ फ्युएल इंजेक्शनची, आणि २०२० पासून बीएस६ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम, आकडा मोठा तितके कडक). नोव्हेंबर २०२३ ला ४५० आली ती पूर्ण वेगळी गाडी आहे, तिचा इथे विषय नाही. नवख्या माणसाने शक्यतो एबीएसवाली घ्यावी, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं त्यामुळे त्यानंतरची बघितली की तो प्रश्न मिटतो.

जाहिरात आवडली की आधी गाडीचा नंबर मागा आणि वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. मालक कितवा, रजिस्ट्रेशन कधीचं, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, चलन बाकी आहेत का, हे तिथे कळतं. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

मग व्हिडिओ कॉल. फोटोवर जाऊ नका. त्याला सांगा की थंड गाडी आमच्यासमोर चालू कर, नंबर प्लेट दाखव, आरसी हातात धरून दाखव, सायलेन्सरच्या मागे कॅमेरा धर. आणि एक जुना फ्रॉड अजून चालतो तो माहीत असू द्या: समोरचा म्हणतो मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, गाडी आर्मी ट्रान्सपोर्टने तुमच्या घरी पोचेल, फक्त भाड्याचे पैसे आधी पाठवा. ओळखपत्राचा फोटो वगैरे सगळं पाठवतात. गाडी कधीच येत नाही. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन सोडून एक रुपया पाठवायचा नाही, आणि टोकनसुद्धा एक-दोन हजाराच्या वर नको.

कागदांचं गणित

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

केए पासिंगची गाडी एमएच पासिंग करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते, तिचा अर्ज म्हणजे फॉर्म २८. हा अर्ज विकणारा करतो, त्याच्या आरटीओत. त्यात गाडी कुठल्या आरटीओला जाणार ते लिहावं लागतं, म्हणून तुमचा आरटीओ बरोबर सांगा. पुणे शहर म्हणजे एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवड म्हणजे एमएच १४, वाकडमध्ये राहणाऱ्याने नुसतं "पुणे" सांगितलं की एनओसी चुकीच्या ऑफिसच्या नावाने निघते आणि मग पुन्हा पहिल्यापासून. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेला ठसा. हे ठसे तुम्ही पण चार-पाच जास्तीचे काढून ठेवा, कारण पुण्यात परत लागतात.

बाकी चलन भरल्याशिवाय एनओसी निघत नाही. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आणि तो बोजा आरसीवरून उतरलेला पाहिजे. "लोन फिटलंय हो, फक्त आरसीवर नाव राहिलंय" असं म्हणत असेल तर त्याला शांतपणे सांगा की आधी उतरवून घे, आम्ही थांबतो.

माझं मत असं की एनओसी निघाल्यावरच गाडी आणायला जावं. थोडं टोकन द्यायचं, त्याने अर्ज करायचा, एनओसी आली की निघायचं. काहीजण "गाडी घेऊन जा, एनओसी नंतर कुरिअर करतो" म्हणतात. बहुतेक माणसं चांगलीच असतात पण पैसे हातात पडल्यावर आरटीओच्या चकरा मारायचा उत्साह कुणाला राहत नाही, आणि तुम्ही ८४० किमी लांबून फक्त फोन करू शकता.

एनओसीसोबत मूळ आरसी, गाडी नावावर करायचे फॉर्म म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या आधार-पॅनची त्याने सही केलेली झेरॉक्स, इन्शुरन्स, पीयूसी, आणि गाडीचं मूळ बिल घ्या. बिल हमखास विसरलं जातं आणि महाराष्ट्रात टॅक्स काढताना तेच मागतात. सगळ्या कागदांवरच्या सह्या एकसारख्याच आहेत का ते तिथेच उभं राहून बघा. ट्रान्सफरच्या वेळी ओटीपी विकणाऱ्याच्या रजिस्टर मोबाईलवर जातो, तर तो नंबर चालू आहे ना ते विचारा, बंद असेल तर आधी अपडेट करायला लावा. शिवाय एक साधा विक्री करार करा, तारीख आणि वेळ दोन्ही टाकून. त्या वेळेआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं, वाद नाही.

इन्शुरन्सबद्दल बरेच जण गाफील असतात. गाडी विकली की थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर तुमच्या नावावर करायला कंपनीला १४ दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे येताना रस्त्यात गाडी आपटली तर त्या खर्चाचा क्लेम मिळेल या भरवशावर राहू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही.

गाडी बघताना

सकाळी जा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनला हात लावा. गरम लागलं तर थंड असताना सुरू व्हायला त्रास देते का हे तुम्हाला कळणार नाही, मग दोन तासांनी परत या, चहा घ्या, पण थंड गाडीच बघा.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा. मग मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर अडकल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. खडबडीत रस्त्यावर चाललेल्या गाडीत हे कॉमन आहे आणि घाबरायचं कारण नाही, फक्त त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. त्याच वेळी चाक हाताने फिरवून रिम वाकडी नाही ना बघा, आणि स्पोकवर पान्याने हलकं टक टक करत जा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो, लगेच कळतो.

हँडल पूर्ण वळवलं की जिथे अडतं तो चासीवरचा स्टॉपर खाली वाकून बघा. तो वाकलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी समोरून जोरात ठोकलेली असू शकते. तिथे आजूबाजूला ताजा रंग असेल तर मी तरी ती गाडी सोडून देतो, मग किंमत कितीही कमी असो.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या टोकाला पकडून बाहेर ओढा. दातांवरून उचलली जात असेल, दात टोकदार होऊन एका बाजूला झुकले असतील, तर अख्खं चेन किट बदलायचं आहे. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवरून बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलेत. टायरवर कडेला चार आकडे असतात, २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. ग्रिप भरपूर दिसत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही.

बंगलोरच्या गाडीत एक जास्तीची गोष्ट बघा. सप्टेंबर २०२२ ला आउटर रिंग रोड, बेलंदूरकडे बेसमेंटमधल्या गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. सीट काढा, वायरिंगचे सॉकेट एक-दोन उघडून बघा, हिरवट गंज किंवा कोपऱ्यात वाळलेला गाळ दिसला, हेडलाईटच्या काचेत आतून डाग दिसले, तर गाडी पाण्यात होती असं समजा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पाण्याचे त्रास सहा महिन्यांनी पण बाहेर येतात.

मग चालू करा. इग्निशन ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा लाईट लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो लपवलाय अशी शंका घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल पितंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते. टेस्ट राईड पाच मिनिटांची नको, अर्धा तास तरी, गाडी पूर्ण गरम होईपर्यंत. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी स्पीडवर एकदम रेझ करा, इंजिनचा आवाज वाढला पण गाडी पळाली नाही तर क्लचप्लेट गेल्यात. सरळ मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. परत आल्यावर गरम असताना बंद करून लगेच सेल्फ मारा, तेव्हाही नीट चालू झाली पाहिजे.

शक्य असेल तर तिथल्या एखाद्या अनोळखी मेकॅनिकला थोडे पैसे देऊन बरोबर घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. आणि विकणाऱ्याला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीची सर्व्हिस हिस्ट्री मागा, किलोमीटर मागे फिरवलेत का ते त्यातून कळतं. मीटरला १५ हजार आणि ब्रेक पेडलचं रबर, ग्रिप, गिअर लिव्हर घासून गुळगुळीत, हे जुळत नाही.

पटलं तर बँक ट्रान्सफरने पैसे द्या, आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यावर.

निघायच्या आधी

घेतली त्याच दुपारी निघू नका. ती दुपार गॅरेजला द्या. इंजिन ऑईल आणि फिल्टर बदला, चेन साफ करून ताण बघून ल्युब मारा, ब्रेक पॅड बघा, एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, सगळे दिवे. मालक म्हणाला "परवाच सर्व्हिसिंग केलंय" तरी ऑईल बदलाच, आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.

या गाडीला ट्यूबचे टायर आहेत आणि पुढचं चाक २१ इंची. हायवेच्या पंक्चरवाल्याकडे २१ ची ट्यूब सहज मिळत नाही, त्यामुळे पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब बरोबर ठेवा, बाकी पंक्चर कोणीही काढून देतो. शिवाय क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोड लिंक, इन्सुलेशन टेप, केबल टाय आणि दोन्ही ॲक्सलला बसेल असा पाना. विमानाने जाणार असाल तर चेन ल्युबचा स्प्रे नेता येत नाही आणि पाने-पक्कड केबिन बॅगेत चालत नाही, तिथेच घ्या. हेल्मेट मात्र स्वतःचंच न्या, जॅकेट आणि ग्लोव्हज पण. मालक एखादं जुनं हेल्मेट फ्री देतो, ते किती वेळा पडलंय कुणास ठाऊक.

सामान पाठीवर घेऊ नका, मागच्या सीटवर घट्ट बांधा. लिव्हर, आरसे, हँडलची उंची तुमच्या अंगाप्रमाणे करून घ्या. दिवसभर चालवायचंय, मनगट दुखायला लागलं की लक्ष रस्त्यावरून उडतं.

आणि चालवत आणणं जमणार नसेल तर रेल्वे पार्सलने पण येते, टाकी पूर्ण रिकामी करून, पॅकिंग करून, आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र देऊन.

रस्ता

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. पावसाळ्यात धारवाडच्या पुढे जोरदार पाऊस भेटतो, पहिल्या खेपेला टाळा.

पहाटे उजाडता उजाडता, सहाच्या आत शहर सोडा, नाहीतर यशवंतपूर-पीन्या पार करायलाच तास-दीड तास जातो. नेलमंगलाला हासन-मंगळूरचा रस्ता फुटतो, तुम्हाला तुमकूर धरायचंय. डाबसपेटच्या आसपास, म्हणजे साधारण ५० किमीवर थांबा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा: इंजिनखाली ऑईलचा थेंब आहे का, चेन ढिली झाली का, ॲक्सलचे नट आवळलेले आहेत का, सामान सरकलं का, डिस्क वाजवीपेक्षा जास्त तापतेय का. काही निघायचं असेल तर पहिल्या शंभर किमीत निघतं, आणि तिथून बंगलोर जवळ असतं.

टाकी १५ लिटरची आहे, पण अनोळखी गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवू नका. टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा आणि २५० किमीला भरून घ्या. स्पीड पहिला दिवसभर ८० च्या आत. टोलला बाईकला पैसे नाहीत, डावीकडे वेगळी लेन असते.

सिरा, हिरियूर करत चित्रदुर्गाकडे आलात की डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागतात. तिथे वारा आडवा मारतो, फ्लायओव्हरवर आणि ट्रक ओव्हरटेक करून पुढे निघताना एकदम जाणवतो. हँडल घट्ट आवळून धरू नका, गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा. दावणगेरेला जेवा, बेण्णे (लोण्याचा) डोसा खाल्लात तर उत्तम, फक्त त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसा. संध्याकाळी अंधारायच्या आत हुबळी, तिथे मुक्काम. बंगलोरपासून साधारण ४१० किमी होतात, म्हणजे जवळपास निम्मा रस्ता.

दुसऱ्या दिवशी धारवाड, बेळगाव, मग निपाणीच्या अलीकडे तवंदी घाट. घाट मोठा नाही पण उतारावर भरलेले ट्रक असतात, त्यांच्या पुढे लगेच घुसू नका. इथून कराडपर्यंत, नोव्हेंबर ते मार्च, उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने भरलेला. दिवसा ठीक आहे, अंधारात हेडलाईटच्या उजेडात उसाची टोकं दिसतात तोपर्यंत ब्रेकला अंतर उरत नाही. म्हणून उशीर झाला तर सरळ कोल्हापुरात थांबा, घर जवळ आलंय म्हणून रात्री ओढू नका. कागल ते सातारा सहापदरीचं काम बरीच वर्षं चाललंय, अचानक डायव्हर्जन आणि खडी भेटते.

साताऱ्याकडून येताना खंबाटकीला आपण बोगद्यातून येतो. बोगद्यातून बाहेर आल्यावर उतार आणि लगेच इंग्रजी एस सारखं वळण आहे, तिथे खूप अपघात झालेत. बोगद्यातच स्पीड कमी करा. तसंच कात्रजचा नवीन बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार. ब्रेक न लागणारे ट्रक तिथे मागून येतात, हे पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. डावीकडून चालवा, आरशात बघत रहा.

घरी आल्यावर

गाडी पुसून फोटो टाका आणि त्याच आठवड्यात आरटीओचं काम हातात घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिने चालते असं कुणीतरी सांगेल, तो नियम नवीन नंबर घेण्याबद्दल आहे, मालक बदलल्याचं मात्र ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं. नवीन नंबरासाठी फॉर्म २७, सोबत एनओसी, २९, ३०, बाकीचे कागद, ऑनलाईन अर्ज आणि मग गाडी तपासणीला न्यायची. रोड टॅक्स मूळ किंमत, सीसी आणि गाडीचं वय बघून ठरतो, आणि तो खर्च गाडीची किंमत ठरवतानाच धरलेला बरा, नाहीतर स्वस्तात मिळालेली गाडी इथल्या गाडीएवढ्याच किमतीला पडते. कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सच्या उरलेल्या भागाचा रिफंड मागता येतो, पण आधी इथला नवीन नंबर पडलेला लागतो, आणि वेळ बराच जातो.

इन्शुरन्स कंपनीला १४ दिवसांची मुदत लक्षात ठेवून मेल टाका, नवीन नंबर पडल्यावर पॉलिसीत तो पण बदलून घ्या. आणि वाहन पोर्टलवर तुमचं नाव दिसायला लागलं की त्याचा स्क्रीनशॉट विकणाऱ्याला पाठवा. तोपर्यंत तुमच्या गाडीचं प्रत्येक चलन त्या माणसाच्या फोनवर जात असतं, आणि काही झालं तर पोलीस पण त्याच्याच दारात जातात.